आजीच्या भूमिकेला नकार

माझी मुलगी चार दिवसांची असताना आईने पाळण्यात वाकून तिला नीट न्याहाळलं, नाक आमच्याच घरचं असल्याचा निर्वाळा दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या मुलीला मला आजी म्हणायला शिकवू नका."

ही २०१२ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटला नुकतंच घर घेतलं होतं. आई बँकेतून निवृत्त झाली आणि पंधरा दिवसांत माझ्या बाळंतपणासाठी पुण्याहून निघाली. विमानतळावर तिने डिंकाच्या लाडवांचा डबा स्वतःहून काढून अधिकाऱ्यापुढे ठेवला आणि त्याला खारकेपासून जायफळापर्यंत एकेक जिन्नस समजावून सांगितला. मागची रांग पार दारापर्यंत गेली होती. अधिकाऱ्याने शेवटी हात जोडले आणि लाडू सोडले. एवढा खटाटोप करून जगाच्या या टोकाला आलेल्या बाईला आजी मात्र व्हायचं नव्हतं.

माझे टाके दुखत होते, झोप झाली नव्हती, आणि तशीही मी शांत स्वभावाची कधीच नव्हते. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या चुका काढायचाच पगार घेते. मी तिला विचारलं की मग ती नेमकी कोण आहे. त्यावर आई म्हणाली, "ती अजून झालेली नाही. ती झाली की मी होईन."

ही 'ती' म्हणजे हिंदी सिनेमातली एक फार मोठी नटी. नाव लिहीत नाही, कारण आईने ताकीद दिली आहे की नाव घातलंस तर ती वाचेल. आमच्या घरात तिला नुसतं 'बाई' म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते.

बाई आणि आई एकाच वर्षी जन्मल्या. आईच्या लेखी एवढा धागा पुरेसा होता. बाईंचा पहिला सिनेमा पडला त्याच वर्षी आई बी.कॉम.ला नापास झाली आणि दोघींनीही पुढच्या वर्षी कसर भरून काढली. बाई केवळ डाव्या डोळ्याने रडू शकायच्या. कॅमेरा जवळ आला की तेवढ्याच डोळ्यातून एक थेंब सावकाश खाली यायचा, आणि त्या थेंबावर त्यांनी बक्षिसांनी कपाट भरलं. माझ्या वडिलांचं स्थळ आलं तेव्हा आई सहा महिने होय-नाही करत होती. मग बाईंनी लग्न करून सिनेमा सोडल्याची बातमी आली आणि त्याच आठवड्यात आईने होकार कळवला. बाबा अजूनही त्या नटीचा फोटो दिसला की आदराने पेपर घडी घालून ठेवतात.

आठ वर्षांनी बाई परत आल्या, त्या थेट आईच्या भूमिकेत. ज्या हिरोबरोबर त्या बागेतून पळाल्या होत्या, त्याचीच आई. आईने दोन दिवस घरात कुणाशी धड बोलणं ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली की ठीक आहे, मीही एका मुलीची आई आहेच.

पण या वेडामागे आणखी एक कारण होतं, आणि ते मला लहानपणापासून माहीत होतं. आई नाटकात काम करायची. बँकांच्या एकांकिका स्पर्धा असत, दरवर्षी, आणि तिच्या शाखेचं नाटक तिच्याशिवाय उभं राहत नसे. फक्त आई उंच होती आणि आवाज मोठा होता. त्यामुळे नायिका कायम कॅश काउंटरवरची एक चिमणीएवढी मुलगी व्हायची आणि आईच्या केसांत टाल्कम पावडर ओतली जायची. चोविसाव्या वर्षी ती बेचाळीस वर्षांच्या हेडक्लार्कची आई झाली. सव्विसाव्या वर्षी आजी. नंतर एकदा पणजीसुद्धा, तीही आंधळी. अकरा वर्षांत तिने सहा उत्तेजनार्थ प्रमाणपत्रं मिळवली आणि एकदाही स्टेजवर तिच्या केसांचा रंग काळा नव्हता.

म्हणजे तिच्या वाट्याची हिरोईनगिरी बाई करत होत्या. बाई टिकल्या तोवर आई टिकली. साठीला आलेल्या बाई तेव्हा पडद्यावर न्यायाधीश होत, सर्जन होत, एकदा तर मुख्यमंत्रीही झाल्या होत्या, पण आजी म्हणून त्यांनी अजून सही केली नव्हती. आणि आईने ठरवून टाकलं होतं की पावडर आता नाही.

मग मुलीने तिला म्हणायचं काय? आईने स्वतःच तोडगा काढला. बँकेत सगळे जे म्हणायचे तेच. मॅडम.

माझ्या नवऱ्याला वाटलं ही गंमत आहे, महिनाभरात विसरतील. तो इंजिनियर आहे, पुलांचं काम करतो, आणि भार पडला की सगळं आपोआप जागेवर बसतं अशी त्याची श्रद्धा आहे. बाबांचा प्रश्नच नव्हता. ते पुण्यात आपला पत्त्यांचा, ब्रिजचा ग्रुप सांभाळत बसले होते, आणि स्काइपवर पहिल्याच दिवशी "मी आजोबा" म्हणून मोकळे झाले. त्यांना स्वतःच्या कारकीर्दीची काळजी नव्हती.

आई सहा महिने राहिली. तिने मुलीला न्हाऊमाखू घातलं, शेकलं, रात्रीच्या वाऱ्याला शिव्या घातल्या, आणि तिच्याबद्दल बोलताना कायम 'तुझी मुलगी' म्हणाली. तुझी मुलगी जागी झाली. तुझ्या मुलीने आज कूस बदलली. मला दरवेळी ते टोचायचं आणि दरवेळी मी भांडायचे, पण तिच्या हातची अळिवाची खीर समोर आली की भांडण अर्धवट राहायचं.

२०१५ मध्ये ती पुन्हा आली तेव्हा माझी मुलगी तीन वर्षांची होती आणि बालवाडीत जायची. मी वेलिंग्टनला ट्रेनने कामाला जायचे, त्यामुळे तिला आणायला आई जाऊ लागली. आई नऊवार नाही, पाचवार नेसून, वर माझ्या नवऱ्याचं पावसाळी जाकीट घालून आणि खांद्याला बँकेची जुनी पर्स लावून दारात उभी राही. मुलगी आतून ओरडे, "मॅडम इज हिअर," आणि खेळणी टाकून पळत सुटे. दुसऱ्या आठवड्यात तिथल्या शिक्षिकेने मला बाजूला घेतलं. तिने फार हळुवारपणे विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना, आणि ही जी उंच बाई येते ती एजन्सीकडून येते का. मी सांगितलं की ती माझी आई आहे. शिक्षिका मान हलवत राहिली, पण त्यानंतर ती माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायची.

कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्या काकांचा समज तर आणखी पुढे गेलेला होता. माझी मुलगी दुकानात कायम "मॅडमना विचारते" असं म्हणायची, म्हणून आई ही माझी ऑफिसमधली साहेब असून आमच्याकडे उतरली आहे असं त्यांना वाटत होतं. ते आईला दुधाबरोबर रोज एक चॉकलेट जादा द्यायचे. आईने त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

त्या दिवसांत मी देवापुढे बसून काय मागायचे ते सांगायला आता लाज वाटते. कुणी नोकरी मागतं, कुणी रेसिडन्सी मागतं. मी मागायचे की त्या बाईंना एखादा आजीचा रोल मिळू दे. मिळाला तर एकवीस मोदक. इंटरनेटवर त्यांचं नाव टाकून मी रोज ट्रेनमध्ये बातम्या बघायचे. बाई मात्र एका सिनेमात चक्क प्रेमात पडल्या. तोवर परत गेलेल्या आईने पुण्याहून व्हिडिओ कॉल करून ते वर्तमान कळवलं, आणि तिने त्या दिवशी लिपस्टिक लावली होती.

२०१८ च्या हिवाळ्यात आई तिसऱ्यांदा आली आणि त्याच महिन्यात देव पावला. बाईंचा नवा सिनेमा, मोठं एकत्र कुटुंब, आणि पोस्टरवर मधोमध पांढऱ्या केसांच्या बाई. शेजारी नातू. मी तिकिटं काढली. रविवारी दुपारी एकच खेळ होता. आईने सगळं आधीच वाचलेलं होतं, तरी ती कुरकुर न करता गाडीत बसली. तिने त्या दिवशी पर्सही घेतली नाही.

मध्यंतरापर्यंत सगळं उत्तम चाललं होतं. नातू पडद्यावर बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होता आणि मी अंधारात नवऱ्याचा हात दाबत होते. आई पुतळ्यासारखी बसली होती, पॉपकॉर्नला तिने बोटही लावलं नव्हतं. मग शेवटी एक पत्र सापडलं. त्या पत्रातून असं निघालं की खरी आजी चाळीस वर्षांपूर्वीच वारली आणि ही तिची मैत्रीण, दिलेला शब्द पाळायला म्हणून त्या घरात राहिलेली. सगळं थिएटर मुसमुसत होतं. आईने टाळ्या वाजवल्या. एकटीने.

गाडीत नवऱ्याने एकदा प्रयत्न केला. तो म्हणाला की आई, पण त्यांनीच वाढवलं ना त्याला. आईने खिडकीतून बाहेर बघत सांगितलं की वाढवणं वेगळं आणि भूमिका वेगळी, आणि बाई त्या सिनेमात फार तर मावशी ठरतात. पोस्टर खोटं होतं. मी देवाला मोदक दिले नाहीत.

त्यानंतर आठवडाभराने शाळेतून एक चित्र घरी आलं. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. 'माझं कुटुंब' असा विषय होता. मी, माझा नवरा, शेजाऱ्यांची मांजर, आणि कागदाच्या उजव्या कडेला, सगळ्यांपासून चार बोटं लांब, पर्स घेतलेली एक उंच बाई. खाली 'मॅडम' असं लिहिलं होतं. मी सहज विचारावं तसं विचारलं की मॅडम एवढ्या लांब का उभ्या आहेत. ती शूज काढत म्हणाली, "टीचरने विचारलं इज शी युअर ग्रँडमा. आय सेड नो, शी डझन्ट वॉन्ट टू बी."

तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं आणि खायला काय आहे म्हणून फ्रिज उघडला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. इतकी वर्षं मी ही आईची खोड म्हणून हसत, चिडत, लोकांना किस्से सांगत आले होते. पोरीने मात्र त्यातून आपला एक सरळ अर्थ काढला होता की हिला आपण नको आहोत. चित्र मी कपड्यांच्या कपाटात साड्यांखाली लपवलं. आईला दाखवायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या सोमवारी मुलगी रडत घरी आली. शाळेत आजी-आजोबांसाठी एक दुपार ठेवली होती आणि तिच्या वर्गाचं नाटक होतं. एका म्हातारीचे लाल गमबूट हरवतात आणि शेतावरचे सगळे प्राणी ते शोधतात, एवढीच गोष्ट. माझ्या मुलीला पुकेको, म्हणजे इथला दलदलीतला पक्षी, व्हायचं होतं. निळे पंख, लाल चोच, आणि चिखलात उड्या मारायची परवानगी. पण ती वर्गात सगळ्यात उंच होती आणि आवाज मोठा होता. तिला म्हातारी केलं होतं.

आई सोफ्यावर मोजे विणत होती. तिने हे ऐकलं आणि सुया खाली ठेवल्या. "सहाव्या वर्षी?" ती म्हणाली. "मला निदान चोविसाव्या वर्षी दिलं होतं." मग ती उठली आणि जाकीट शोधू लागली. तिला शाळेत जाऊन त्या शिक्षिकेशी बोलायचं होतं. मी दार अडवून उभी राहिले. हा अन्याय तिसऱ्या पिढीत आलाय, असं ती म्हणत होती. दुसऱ्या पिढीत मीच होते, आणि मी शाळेच्या प्रत्येक नाटकात झाड होते, पण त्याची दाद तिच्याकडे कधी लागली नव्हती.

मुलगी जमिनीवर पालथी पडून रडतच होती. ती म्हणाली की तो बोअरिंग पार्ट आहे, म्हातारीला कुणी पंख देत नाही, आणि तिला कुणालाच व्हायचं नसतं. मी समजूत घालायला जाणार तेवढ्यात आईने जाकीट टाकलं आणि परत येऊन बसली. कॅश काउंटरवरच्या त्या मुलीबद्दल आता अर्धा तास ऐकावं लागणार, अशी माझी खात्री होती. पण आई वेगळंच बोलली.

"आजीचं काम फालतू नसतं, हां. सगळ्यात अवघड तेच. बाकीचे सगळे स्टेजवर धावत असतात. आजी एकटी थांबून बघत असते. लोक तिच्याकडे बघतात आणि मग त्यांना कळतं, आता हसायचं की रडायचं."

मुलीने नाक पुसलं. थोडा विचार केला. "देन व्हाय डोन्ट यू वॉन्ट टू डू इट?"

स्टेजवर अकरा वर्षं एकही वाक्य न विसरलेल्या माझ्या आईला पुढचं वाक्य आठवेना. ती उठून मागच्या अंगणात गेली आणि दोरीवरचे कपडे काढून आणले. कपडे ओलेच होते. तिने ते तसेच जेवणाच्या टेबलावर घेतले आणि एकेकाची व्यवस्थित घडी घातली. मी ते नंतर गुपचूप पुन्हा वाळत टाकले.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. मी ऑफिसमधून यायचे तेव्हा दोघी बैठकीच्या खोलीत गमबूट घालून फिरत असायच्या. आई म्हणायची की म्हातारी वाकून चालते हे अडाण्यांचं मत आहे. खऱ्या म्हातारीला आपण वाकलोय हे दिसू द्यायचं नसतं, म्हणून ती उलट जास्त ताठ चालते. फक्त बसताना आधी हाताने खुर्ची चाचपते, आहे ना जागेवर म्हणून. मुलगी शंभरदा उठली आणि शंभरदा खुर्ची चाचपून बसली. आई दाखवायला म्हणून स्वतः बसली, आणि तेव्हा मला जाणवलं की ती काही दाखवत नाहीये. ती हल्ली तशीच बसते. मी चहा ठेवायला निघून गेले.

नाटकाच्या दिवशी आईने पावडरचा डबा पर्समधून नेला आणि विंगेत जाऊन नातीच्या डोक्यावर अर्धा रिकामा केला. शिक्षिका नको नको म्हणत होती. पडदा उघडला तेव्हा म्हातारीच्या भोवती ढग होता. पुकेको शिंकला, मग मेंढी शिंकली, मग पहिल्या रांगेतले दोन आजोबा. पण माझी मुलगी त्या ढगातून ताठ चालत आली, कुणाकडे न बघता खुर्चीपाशी थांबली, हाताने खुर्ची चाचपली आणि बसली. हॉलमधल्या साऱ्या गोऱ्या आज्या एकदम हसल्या. ते हसणं ओळखीचं होतं. मी आईकडे बघितलं. ती ओठ हलवून प्रत्येक वाक्य म्हणत होती, पुकेकोचीसुद्धा.

गमबूट सापडले, टाळ्या झाल्या, आणि शिक्षिकेने सांगितलं की आता प्रत्येकाने आपल्या पाहुण्यांची ओळख करून द्यायची. कुणी आजीला नाना म्हणालं, कुणी आजोबांना पॉप, कुणी माओरी आजीला कुइया. माझी मुलगी पांढरं डोकं घेऊन आमच्या रांगेपाशी आली. "धिस इज माय," ती म्हणाली आणि थांबली. ती आईकडे बघत होती. तालमीत वाक्य अडलं की ती तशीच बघायची, पुढचा शब्द मिळेपर्यंत.

शिक्षिका मदतीला आली. किया ओरा असा माओरी नमस्कार करून तिने आईला विचारलं की तुम्ही कोण.

आई खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "आजी," ती म्हणाली. माइक नव्हता, पण आवाज मागच्या भिंतीला लागून परत आला. मग कुणाला कळलं नसेल म्हणून तिने खुलासा केला, "टुडे इज माय फर्स्ट शो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलीने तिच्या कमरेला मिठी मारली आणि आईच्या मोरपंखी साडीवर पावडरचा एक मोठा पांढरा गोल उमटला. तो तिने घरी येईपर्यंत झटकला नाही. मी त्या रात्रीच्या जेवणाला मोदक केले, एकवीस नाही, अकरा. काम बाईंनी केलेलं नव्हतं, म्हणून अर्धेच.

२०१९ मध्ये बाईंनी खरोखरच आजीची भूमिका केली. ही आजी रक्ताची होती, शेवटी पत्रबित्र काही सापडलं नाही, आणि बक्षीसही मिळालं. मी ट्रेनमधूनच पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. आईने सिनेमा आधीच दोनदा बघितला होता.

"बरी करते," ती म्हणाली. "बसताना खुर्ची चाचपत नाही. पण येईल हळूहळू. नवीन आहे ना ती यात."

मी म्हटलं की त्यांच्यावर लेख आलाय, वाचून दाखवू का. तिचं लक्ष नव्हतं. ती स्क्रीनवर माझ्या मागे, आजूबाजूच्या सीटवर काहीतरी शोधत होती.

"ते राहू दे," ती म्हणाली. "माझी नात कुठेय?"